स्वतःचा उजेड, उसना उजेड: वस्तू कशा उजळतात याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला, विज्ञान प्रदर्शनात किंवा घरी जेवताना मुलं प्रकाशाबद्दल जे विचारतात, ते प्रश्न बहुतेक वेळा तेच ते असतात. उत्तरं मात्र एका यत्तेत थोडी, दुसऱ्या यत्तेत थोडी अशी विखुरलेली असतात. म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एक कसोटी मात्र पुन्हा पुन्हा भेटेल: बाकीचे सगळे दिवे मालवले, तर ती वस्तू दिसेल का?

एखाद्या वस्तूचा प्रकाश स्वतःचा आहे की परावर्तित, हे कसं ओळखायचं?

खोलीत मिट्ट काळोख करा. समईची ज्योत, मोबाइलचा पडदा, काजवा हे दिसत राहतील. आरसा, चांदीची वाटी, साडीची चमचमती जरीची किनार हे सगळं नाहीसं होईल. शाळेत याच कसोटीवर दीप्तिमान (म्हणजे स्वयंप्रकाशी) आणि दीप्तिहीन (म्हणजे परप्रकाशी) असे दोन खण पाडलेले असतात.

पण हे दोन खण वाटतात तेवढे पक्के नाहीत. काही वस्तू दिवसा प्रकाश साठवतात आणि रात्री सोडतात. काही वस्तू प्रकाश सोडतात, पण तो आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्याबाहेरचा असतो. शिवाय डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. दिवा घालवल्यावर दोन मिनिटांत ‘काही दिसत नाही’ म्हणणारा माणूस वस्तूबद्दल नाही, स्वतःच्या डोळ्यांबद्दल सांगत असतो.

वस्तूतून प्रकाश ‘निघतो’ म्हणजे आत नेमकं काय होतं?

वस्तूला कुठून तरी ऊर्जा मिळते आणि तिच्यातले विद्युतभारित कण, मुख्यतः इलेक्ट्रॉन, त्या ऊर्जेचा काही भाग प्रकाशाच्या रूपाने सोडतात. ही ऊर्जा तेल जळून येईल, तारेतून येईल, काजव्याच्या अन्नातून येईल, आधी पडलेल्या उन्हातून येईल, नाही तर घर्षणातून. कुठूनही ऊर्जा न घेता उजळणारी वस्तू नसते. कुणी तसा दावा केला, तर आधी बॅटरी शोधावी.

घन वस्तू तापली की तिच्यातले कण एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत धडपडतात आणि सगळ्या तरंगलांबींचा, म्हणजे सगळ्या रंगांचा, मिसळलेला प्रकाश देतात. विरळ वायूतला अणू मात्र मोकळा असतो. त्याच्या इलेक्ट्रॉनला ठरलेल्या पायऱ्यांवरच उभं राहता येतं. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना तो त्या दोहोंमधल्या फरकाएवढाच, म्हणजे ठरावीक रंगाचाच, प्रकाश सोडतो. बल्ब आणि निऑनची लाल पाटी यांच्यात फरक आहे तो हाच.

लोखंड तापल्यावर आधी लाल आणि मग पिवळं का होतं?

कुठलीही घन वस्तू साधारण ५२५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की अंधारात मंद लाल दिसू लागते. पदार्थ लोखंड आहे की वीट, याने फारसा फरक पडत नाही. तापमान वाढतं तसा प्रकाश वाढतो आणि त्यातला आखूड तरंगलांबीचा, म्हणजे निळ्याकडचा, भागही वाढतो, म्हणून लाल, नारिंगी, पिवळा, पांढरट असा क्रम लागतो. भट्टीवरचा लोहार लोखंडाचा ‘रंग आला’ की घण घालतो. त्याच्याकडे तापमापक नसतो, पण त्याचं मोजमाप बरोबर असतं.

जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंशांवर तापते. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतं, म्हणून ते हे सोसतं. तरीही खाल्लेल्या विजेतला फार थोडा भाग दिसणारा प्रकाश होतो, उरलेली सगळी वीज उष्णता होऊन जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी सूर्यापेक्षा थंड आहे आणि त्याच नक्षत्रातला निळसर पांढरा राजन्य सूर्याच्या दुपटीहून तापलेला. बाथरूमच्या नळांवर लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार असतो. आकाशात याच्या बरोबर उलट.

तुमचं शरीरही ३७ अंशांवर उजळतंच आहे. तो प्रकाश अवरक्त असतो, त्याची तरंगलांबी साधारण १० मायक्रोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, थर्मल कॅमेऱ्याला दिसतो.

समईची ज्योत पिवळी आणि गॅसची निळी, असं का?

समईच्या ज्योतीत वातीच्या अगदी बुडाशी बारीक निळी कड असते, तिच्यावर काळपट भाग आणि त्याच्यावर पिवळा. वात तेल वर ओढते, तेलाची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीच्या मधोमध हवा पुरेशी पोहोचत नाही, तिथे कार्बनचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात. तेच तापून पिवळे उजळतात. विश्वास नसेल तर ज्योतीवर क्षणभर स्टीलचा चमचा धरा, त्यावर काजळी धरेल. आजीने ज्याचं काजळ केलं ते हेच कण. चमच्यावर गार झाले म्हणून काळे, ज्योतीत असताना तेच उजेड देत होते.

गॅसच्या शेगडीत हवा आधीच मिसळलेली असते. कार्बनला सुटे कण व्हायची संधीच मिळत नाही. तिथला निळा प्रकाश ज्वलनात क्षणभर तयार होणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा असतो, तापलेल्या घन कणांचा नव्हे. बर्नरची भोकं बुजली की ज्योत पिवळी होते आणि पातेली काळी पडतात. दोन्ही तक्रारींचं कारण एकच, म्हणून आधी बर्नर घासा.

लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या असायच्या, त्यांची युक्ती वेगळी होती. रॉकेलची निळी, कमी उजेडाची ज्योत एका जाळीदार मेंटलवर सोडायची. ते मेंटल थोरियम ऑक्साइडचं, त्यात जेमतेम एक टक्का सिरियम ऑक्साइड. ज्योत उष्णता पुरवायची, उजेड ते मेंटल द्यायचं.

फटाक्यांचे रंग कुठून येतात?

धातूंच्या क्षारांतून. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, सोडियमचा पिवळा. निळा साधणं सर्वांत अवघड, कारण तांब्याचं जे संयुग निळा प्रकाश देतं ते जास्त तापलं की टिकत नाही. त्यामुळे आकाशात उत्तम निळा दिसला तर कारागिराला दाद द्यावी. पांढरा लखलखाट मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमचा. फुलबाजीच्या ठिणग्या म्हणजे जळणारे धातूचे कण, त्यांचा उजेड तापण्याचा.

सोडियमचा पिवळा घरीच दिसतो. शेगडीवर आमटी उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी भडकते, ती मिठातल्या सोडियममुळे. तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग).

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, हे खरं आहे का?

हा प्रश्न दर १८ ऑगस्टला येतो, आणि उत्तर आवडणारं नसतं. नाही, तिथे लागला नाही.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, तपासला. त्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती. तिची जागा सोडियमच्या रेषांच्या शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी, सुमारे ५८७.५ नॅनोमीटरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांनी ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला आणि तीच रेषा पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना, युरेनियमच्या खनिजातून.

मग विजयदुर्गाचं नाव कुठून आलं? लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण ३० वर्षांनी: २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात, त्यांचा मेळ १८६८ पेक्षा १८९८ शी घालणंच योग्य. एका मोठ्या सौरशास्त्रज्ञाने इथे येऊन खग्रास सूर्य टिपला, हे काही कमी नाही. त्याला न घडलेल्या शोधाचं ठिगळ लावायची गरज नाही.

या प्रश्नाला इथे जागा देण्याचं कारण वेगळं आहे. १५ कोटी किलोमीटरवरच्या वस्तूत काय आहे, हे केवळ तिच्या प्रकाशातल्या एका रेषेवरून कळलं. स्वयंप्रकाशी वस्तू स्वतःची ओळख प्रकाशाबरोबरच पाठवत असते.

ट्यूबलाइट आणि एलईडी यांत काय फरक?

ट्यूबमध्ये पाऱ्याची विरळ वाफ असते. वीज गेली की ती मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देते, जो दिसत नाही. काचेच्या आतला पांढरा लेप तो शोषून दिसणारा प्रकाश सोडतो. फुटलेली ट्यूब हाताळताना जपायचं ते त्या पाऱ्यामुळे.

एलईडीमध्ये ना तार ना वायू. अर्धवाहकाच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत पडतो आणि प्रकाश सोडतो, रंग पदार्थावर ठरतो. लाल एलईडी १९६० च्या दशकापासून होता, निळ्यासाठी १९९० चं दशक उजाडावं लागलं. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरातला ‘पांढरा’ एलईडी खरं तर निळा असतो, त्याच्यावरचा पिवळा थर त्यातल्या काही निळ्याचा पिवळा करतो. दिवा बंद असताना तो पिवळा ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

चंद्र परप्रकाशी आहे, मग इतका लख्ख कसा दिसतो?

कारण त्याच्यामागे काळं आकाश असतं. चंद्राची माती पडलेल्या उन्हातला सुमारे १२ टक्केच प्रकाश परत पाठवते. झिजलेल्या डांबरी रस्त्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच. कोजागरीच्या दुधात दिसतो तो चंद्र म्हणजे उन्हात ठेवलेला डांबराचा गोळा, असं म्हटलं की लोकांना वाईट वाटतं. पण त्याला इलाज नाही. पौर्णिमेचं चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाखावा हिस्सा असतं. आपले डोळे एवढ्या फरकाशी जुळवून घेतात, यातच खरं नवल आहे.

दोन गोष्टी स्वतः पाहण्यासारख्या आहेत. एक, पौर्णिमेचा चंद्र गोळा असूनही थाळीसारखा सपाट दिसतो. रंगवलेल्या चेंडूची कड मंद दिसते, तशी त्याची दिसत नाही. चंद्राची माती खडबडीत आहे आणि आलेला प्रकाश ती बराचसा आल्या दिशेलाच परत धाडते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, म्हणजे आपण नेमके त्या दिशेला उभे असतो, आणि चंद्रावरच्या सावल्याही आपल्याला दिसत नाहीत. म्हणूनच अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा नाही, जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा उजळ असतो.

दुसरी गोष्ट अमावस्येनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळची. पश्चिमेला बारीक कोर असते आणि तिच्या कुशीत उरलेला चंद्र राखी रंगात अंधुक दिसतो. तो उजेड आपल्या पृथ्वीचा. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडला, त्यातला सुमारे ३० टक्के परत फिरला, चंद्रावर गेला आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत आला. दोनदा उसना घेतलेला हा उजेड आहे. लिओनार्दो दा विंची यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे कारण ओळखलं होतं.

आरशात चेहरा दिसतो, पांढऱ्या भिंतीत का नाही? भिंत प्रकाश परावर्तित करत नाही का?

करते, आणि भरपूर करते. चांगला चुना दिलेली भिंत ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते. साध्या आरशाचा आकडा त्याहून फार मोठा नाही. फरक प्रमाणाचा नाही, शिस्तीचा आहे. आरशावर एका दिशेने आलेले किरण एकाच दिशेने परततात, भिंतीवरून ते वाटेल तिकडे पसरतात. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की नाही, हे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाने ठरतं, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. बोटाला गुळगुळीत लागणारी भिंत प्रकाशाच्या लेखी डोंगरदऱ्यांची असते.

पोळ्यांचा डबा लावताना वापरायची अॅल्युमिनियमची फॉइल घ्या. सपाट फॉइलमध्ये ओबडधोबड प्रतिबिंब दिसतं. चुरगळून पुन्हा उलगडली की प्रतिबिंब गेलं, पण परावर्तन तेवढंच राहिलं. काळवंडलेला तांब्या चिंच लावून घासला की उजळतो, कारण वरचा ऑक्साइडचा थर जाऊन धातू उघडा पडतो.

दुकानात पाहिलेल्या साडीचा रंग घरी आल्यावर वेगळा का दिसतो?

रंग साडीत अर्धाच असतो, उरलेला दिव्यात. साडीचं रंगद्रव्य काही तरंगलांबी शोषून घेतं आणि उरलेल्या परत पाठवतं. पण जी तरंगलांबी दिव्यात मुळातच नाही, ती साडी परत पाठवणार कशी? ऊन सर्व रंगांचं मिश्रण असतं. ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी यांच्या मिश्रणात काही रंग तुटपुंजे असतात, बहुतेकदा लाल. म्हणून दुकानात डाळिंबी वाटलेली साडी अंगणात विटकरी निघते. ‘ताई, बाहेर उजेडात नेऊन बघा’ म्हणणारा दुकानदार सचोटीचा समजावा. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली लाल गाडी आणि काळी गाडी ओळखणं कठीण व्हायचं, त्याचंही कारण हेच.

पैठणीतली धूपछाव मात्र दिव्याची करामत नाही. तिथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. कापड हललं की कधी उभ्या धाग्यांवरून जास्त प्रकाश परततो, कधी आडव्या. ती दिवसाढवळ्या उन्हातही दोन रंग दाखवते.

ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद का दिसते? पाण्याला तर रंग नसतो.

पहिल्या वळवानंतर अंगण बघा, मातीचा रंग एका क्षणात दोन छटा खाली जातो. मातीचे कण बदललेले नसतात. कोरड्या मातीत कणांभोवती हवा असते. हवा आणि खनिज यांचे अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचं माप) एकमेकांपासून दूर, साधारण १ आणि १.५. त्यामुळे प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश जोराने वळतो, परावर्तित होतो आणि दोनचार टप्प्यांत बाहेर येतो. पाणी शिरलं की कणांभोवतीचा अपवर्तनांक १.३३ होतो, फरक कमी होतो. प्रकाश कमी वळतो, पुढे पुढे जात खोल उतरतो, आणि जितका जास्त प्रवास तितकं शोषण जास्त. बाहेर येणारा प्रकाश घटला की माती गडद.

वडापावच्या कागदावरचा तेलकट डाग हेच सांगतो. टेबलावर ठेवलात तर डाग काळपट दिसतो, उचलून दिव्यासमोर धरलात तर तोच डाग बाकी कागदापेक्षा उजळ. जो प्रकाश परत यायचा, तो आता आरपार जातो आहे. हे एकदा पाहिलं की ओल्या शर्टाचं, भिजलेल्या भिंतीच्या ओलीचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

याच्या उलट प्रकार मिठाचा. एक खडा पारदर्शक, पण दळलेलं मीठ पांढरंशुभ्र. दळल्यावर पृष्ठभाग अगणित झाले आणि सगळ्या रंगांचा प्रकाश सगळीकडे विखुरला. दूध, ढग, फेस यांचं पांढरेपण याच जातीचं आहे.

आकाश निळं का, हे थोडक्यात सांगा.

हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश फार जास्त विखुरतात. ४०० नॅनोमीटरचा जांभळा ७०० च्या लालपेक्षा नऊपटींहून अधिक. जांभळा सूर्यप्रकाशातच कमी आहे आणि डोळ्यांनाही तो कमी जाणवतो, म्हणून एकंदर परिणाम निळा. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचं प्रतिबिंब, असं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं. १९२१ मध्ये बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ते तपासलं आणि पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात हे दाखवलं. त्याच वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ ला ‘रामन परिणामा’चा शोध लागला. तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

गाडीवरचं ‘रेडियम’ रात्री स्वतः चमकतं का?

नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, नंबरप्लेटवर, पोलिसांच्या जाकिटावर लावतात ती पट्टी पूर्ण परप्रकाशी असते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात आणि ते प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. तुमच्या हेडलाइटचा प्रकाश तुमच्याच डोळ्यांकडे येतो, म्हणून ती झगझगते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती फारशी उजळ दिसत नाही. रात्री मोबाइलचा टॉर्च कानाजवळ धरून पाहा, मग हात लांब करून पाहा. दोन्ही वेळचा फरक लगेच कळतो. उसाची ट्रॉली अंधारात उभी करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं: पट्टीवर चिखल बसला की ती नसल्यात जमा.

ब्रिटनमध्ये पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या चमकत्या खुंट्यांचं पेटंट घेतलं, तेही याच तत्त्वावर. अपोलो ११ च्या चांद्रवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर असेच परावर्तक ठेवले, पृथ्वीवरून लेझर सोडून त्यांच्यावरून चंद्राचं अंतर आजही मोजतात. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाचा छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्याच्यावर लेझर सोडला आणि तो परत आला.

मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात ते हिरवट तारे वेगळे. ते प्रकाश साठवून तासन् तास हळूहळू सोडतात. त्यात हल्ली बहुधा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं, किरणोत्सर्गी काही नसतं. खरं रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य, ते मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलं. पुढे घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत हा रंग लावणाऱ्या मुलींना कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायला शिकवलं होतं. १९२० च्या दशकात त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कित्येक जणी दगावल्या. तो उजेड ना उन्हाचा होता ना विजेचा, अणुकेंद्राच्या विघटनाचा होता.

रात्री गुरांचे आणि बिबट्याचे डोळे चमकतात, मग त्यांना स्वतःचा प्रकाश असतो का?

मुळीच नाही. त्यांच्या दृष्टिपटलामागे एक परावर्तक पडदा असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश तो परत आत ढकलतो, त्यामुळे कमी उजेडात दिसायला दुसरी संधी मिळते. उरलेला प्रकाश बाहेर येतो, तो तुमच्याच टॉर्चचा. माणसाला आणि डुकराला हा पडदा नसतो.

काजवा पेटतो कसा? हात भाजत कसा नाही?

ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ ऑक्सिजनशी संयोग पावतो, ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) ती क्रिया घडवतं आणि ऊर्जा पुरवतो पेशींमधला एटीपी हा ऊर्जा साठवणारा रेणू. ही ऊर्जा उष्णतेच्या वाटेने न जाता थेट प्रकाश होते, म्हणून काजवा गार. पोटातल्या त्या भागात ऑक्सिजन पोहोचणं नियंत्रित करून तो लुकलुकतो. लुकलुकण्याची लय जातीजातीत वेगळी असते, कारण तो जोडीदारासाठीचा निरोप असतो. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं उजळतात. तिथे टॉर्च आणि फ्लॅश मारणारे लोक तोच निरोप पुसून टाकत असतात.

कोकण किनाऱ्यावर कधी रात्री लाट फुटताना निळी चमक दिसते, ती समुद्रातल्या एकपेशीय जिवांची, मुख्यतः नॉक्टिल्युकाची. पाणी ढवळलं की ते उजळतात. भर पावसात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड देणारी बुरशी असते. ती फार मंद, फोटोत दिसते तशी डोळ्यांना दिसत नाही. फोटो बऱ्याच वेळाच्या एक्स्पोजरचे असतात.

‘शुभ्र’ करणारी धुण्याची पावडर काय करते?

नीळ आणि पावडर यांची कामं वेगवेगळी आहेत. नीळ पिवळेपणा शोषून टाकते, कापड किंचित गडदच होतं पण पांढरं भासतं. पावडरमधला उजाळक उन्हातला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश सोडतो. म्हणजे शर्ट उन्हात थोडासा स्वयंप्रकाशी होतो. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली हा शर्ट निळा झगमगतो, न धुतलेलं मांजरपाट मंदच राहतं.

तोच टॉर्च घेऊन आणखी एक गोष्ट करा. पालकाची दोन पानं ठेचून सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवा, फडक्यातून गाळा. ग्लासात हिरवं पाणी दिसेल. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा: ते रक्तासारखं लाल उजळतं. हरितद्रव्य निळा-जांभळा प्रकाश शोषतं. जिवंत पानात ती ऊर्जा अन्न तयार करण्याकडे जाते. पान ठेचल्यावर वाट उरली नाही, तेव्हा तिचा काही भाग लाल प्रकाश होऊन बाहेर पडतो. हळद स्पिरिटमध्ये घालून पाहिलीत तर हिरवट पिवळी झळाळी मिळेल. स्पिरिट पेट घेतं, म्हणून शेगडीपासून लांब.

मोरपिसात रंग कुठला भरलेला असतो?

निळा-हिरवा भरलेला नसतोच. पिसात असतं ते मेलॅनिन, म्हणजे काळपट तपकिरी रंगद्रव्य. त्याच्या दांड्यांची सूक्ष्म जाळी अशा अंतराने रचलेली असते की ठरावीक तरंगलांबी एकमेकींना बळ देत परततात. अंतर बदललं की रंग बदलतो. पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग याच नात्यातले.

खडीसाखर फोडली की उजेड पडतो म्हणतात, ही थाप आहे का?

थाप नाही. डोळे अंधाराला चांगले सरावले की पक्कडीत खडीसाखरेचा मोठा खडा धरून फोडा. तुटताना निळसर ठिणगी चमकून जाते. स्फटिक फुटताना दोन बाजूंना विरुद्ध भार जमतात, मधल्या हवेतून वीज उडी मारते आणि नायट्रोजन उजळतो. बराचसा प्रकाश अतिनील असतो, दिसतो तो उरलेला थोडा. पावसाळ्यात सर्द झालेली साखर घेऊन बसू नका, काही दिसणार नाही.

ग्रहण परातीतल्या पाण्यात पाहिलं तर चालतं का? घरी पूर्वापार तसंच पाहतात.

चालत नाही. सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे दोन टक्के भाग पाणी परावर्तित करतं, म्हणजे सूर्याचा पन्नासावा हिस्सा. सूर्य क्षितिजाकडे झुकला की हे प्रमाण कितीतरी वाढतं. सुरक्षित सौरचष्मे मात्र एक लाखात जेमतेम तीन भाग प्रकाश आत सोडतात. पन्नासावा हिस्सा आणि तीस हजारावा हिस्सा यांत किती अंतर आहे ते पाहा. पाण्यात हळद कालवल्याने वरच्या पृष्ठभागाचं परावर्तन कमी होत नाही.

त्यापेक्षा छोट्या आरशावर कागद चिकटवा, कागदाला वाटाण्याएवढं भोक ठेवा आणि आरसा उन्हात धरून कवडसा लांबच्या अंधाऱ्या भिंतीवर टाका. भिंतीवर सूर्याचं गोल प्रतिबिंब पडेल, ग्रहणात त्याचा चतकोर कमी झालेला दिसेल. घरातल्या सगळ्यांनी भिंतीकडे पाहायचं, आरशाकडे नाही. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण आहे. श्रावणाच्या आसपासचे दिवस, त्यामुळे ढगांचा भरवसा नाही, पण आरसा आणि कागद तयार ठेवायला खर्च काहीच नाही.